टाहोची सुट्टी आणि वणव्याचा हंगाम : वाचकांचे प्रश्न

कॅलिफोर्निया-नेवाडा सीमेवरच्या लेक टाहोला सुट्टीसाठी जाणाऱ्या किंवा तिथे घर असलेल्या वाचकांनी वणव्याविषयी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यासाठी साउथ लेक टाहोला कॅबिन घेतली आहे. सिएरा पर्वतरांगेच्या पश्चिम उतारावर वणवा लागल्याची बातमी आहे, पण तो तळ्यापासून बराच लांब आहे आणि '३० टक्के कंटेनमेंट' झालं म्हणतात. जावं की रद्द करावं? (एक वाचक, सनीव्हेल)

लांब आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कॅल्डोर वणवा १४ ऑगस्ट २०२१ रोजी ग्रिझली फ्लॅट्स या गावाच्या दक्षिणेला लागला. तिथून टाहो दूर, आणि मध्ये सिएराची उघड्या ग्रॅनाइटची धार. ही धार ओलांडून आग पूर्वेला उतरत नाही, असाच तोवरचा अनुभव होता. ३० ऑगस्टला आग एको समिट या खिंडीजवळून टाहोच्या खोऱ्यात उतरली आणि साउथ लेक टाहोच्या सुमारे २२ हजार रहिवाशांना शहर सोडावं लागलं. ज्वाळा काही खडकावरून चालत आल्या नाहीत. जळती साल, पाइनची बोंडं, फांद्यांचे तुकडे वाऱ्याने पुढे फेकले गेले आणि जिथे पडले तिथे नवी आग लागली. खडक ज्वाळा अडवतो, ठिणगी अडवत नाही.

आता कंटेनमेंटचं. ३० टक्के कंटेनमेंट म्हणजे ३० टक्के आग विझली, असा त्याचा अर्थ नाही. वणव्याच्या एकूण परिघापैकी तेवढ्या लांबीवर आग पलीकडे जाणार नाही अशी खात्रीची रेषा तयार झाली आहे, एवढंच तो आकडा सांगतो. ही रेषा म्हणजे खणून मोकळा केलेला पट्टा, रस्ता, नदी, खडक किंवा आधीच जळून गेलेली जमीन. म्हणून टक्क्यांपेक्षा नकाशा बघा. अधिकृत नकाशावर ताब्यात आलेली कड काळ्या रेघेने आणि मोकळी कड लाल रेघेने दाखवतात. टाहोत दुपारचा वारा बहुधा नैऋत्येकडून येतो. वणवा तळ्याच्या पश्चिमेला किंवा नैऋत्येला असेल, त्याची पूर्वेची कड लाल असेल आणि तुमच्या मुक्कामाच्या दिवसांत नॅशनल वेदर सर्व्हिसची 'रेड फ्लॅग वॉर्निंग' (वणवा भडकवणाऱ्या कोरड्या, वाऱ्याच्या हवेचा इशारा) असेल, तर आमचं उत्तर स्पष्ट आहे : जाऊ नका. या तीनपैकी कोणतीच गोष्ट नसेल तर जायला हरकत नाही, पण पुढच्या उत्तरातली तयारी करून.

राष्ट्रीय वनांची स्थितीही निघण्यापूर्वी बघा. २०२१च्या ऑगस्टअखेर यूएस फॉरेस्ट सर्व्हिसने कॅलिफोर्नियातली जवळपास सगळी राष्ट्रीय वनं काही दिवस बंद ठेवली होती. आगीपासून शेकडो मैल दूरच्या वाटा आणि कॅम्पग्राउंडही त्यात आले. पैसे परत मिळण्याबद्दल बुकिंगच्या अटी आजच वाचा. सक्तीने बाहेर काढलं तर मिळणारा परतावा आणि धुरामुळे तुम्ही स्वतः रद्द केल्यावर मिळणारा परतावा यांत पुष्कळदा फरक असतो.

प्रश्न : भारतातून आलेले सासू-सासरे आणि दोन लहान मुलं बरोबर आहेत. बाहेर पडायची वेळ आली तर नेमकं काय करायचं? 'वॉर्निंग' आणि 'ऑर्डर' यांत फरक काय? (एक वाचक, फ्रीमाँट)

'इव्हॅक्युएशन वॉर्निंग' म्हणजे धोका येऊ शकतो, तयार राहा; ज्यांना हालचालीला वेळ लागतो त्यांनी आत्ताच निघा. 'इव्हॅक्युएशन ऑर्डर' म्हणजे जिवाला धोका आहे, याक्षणी निघा; त्यानंतर तो भाग लोकांसाठी बंद. तुमच्याबरोबर वृद्ध आणि मुलं आहेत आणि तुम्ही पाहुणे आहात, म्हणजे तिथे राखायला घरही नाही. तेव्हा वॉर्निंग आली की गाडी काढायची. ऑर्डरची वाट बघायची नाही.

कारण रस्ता. साउथ लेक टाहोतून बाहेर पडायला मोजकेच रस्ते आहेत. महामार्ग ५० पश्चिमेला एको समिटवरून सॅक्रामेंटोकडे आणि पूर्वेला स्पूनर समिटवरून कार्सन सिटीकडे जातो. स्टेटलाइनहून राज्यमार्ग २०७ किंग्सबरी ग्रेड चढून मिंडेनकडे उतरतो. राज्यमार्ग ८९ दक्षिणेला लूथर पासवरून ८८ला मिळतो आणि उत्तरेला एमराल्ड बेच्या कड्यावरून टाहो सिटीला जातो. कॅल्डोरच्या वेळी पश्चिमेकडचा ५० आगीने आधीच बंद झाला होता. त्यामुळे ३० ऑगस्टला अख्खं शहर एकाच वेळी नेवाडाच्या दिशेने निघालं आणि गाड्या तासन्‌तास जागच्या जागी उभ्या राहिल्या. सॅन फ्रान्सिस्को बे एरियातून आलेला माणूस सवयीने पश्चिमेकडे, घराच्या दिशेने निघतो. पण त्या तळ्यावर आग बहुतेक वेळा तिकडूनच येते. म्हणून पहिल्याच दिवशी पूर्वेकडचा रस्ता एकदा गाडीने फिरून बघा. एमराल्ड बेचा रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे; घाईच्या वेळी तो शेवटचा पर्याय समजा.

कॅबिनवर पोचल्याबरोबर चार कामं करा. पहिलं : पत्त्यावरून इव्हॅक्युएशन झोनचा क्रमांक शोधून कागदावर लिहा आणि फ्रिजवर लावा. आदेश झोनच्या क्रमांकानेच निघतात. दुसरं : त्या काउंटीच्या सूचनांसाठी फोन नोंदवा. तुमची नोंद घरच्या अलमेडा काउंटीत असेल तर साउथ लेक टाहोच्या एल डोराडो काउंटीचा इशारा त्या नोंदीवर येणार नाही. टाहोचा किनारा दोन राज्यांत आणि अनेक काउंट्यांत विभागलेला आहे : कॅलिफोर्नियात एल डोराडो आणि प्लेसर, नेवाडात डग्लस, कार्सन सिटी आणि वॉशो. मोबाइल टॉवरवरून आपोआप येणारा आणीबाणीचा संदेश वेगळा. तो येईलही, पण त्याच एकावर विसंबू नका. जोडीला वॉच ड्यूटी हे वणव्यांची ताजी माहिती देणारं ॲप ठेवा. तिसरं : गाडी उलटी लावा, तोंड रस्त्याकडे. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. वीज गेली की पेट्रोल पंपही चालत नाहीत. इलेक्ट्रिक गाडी रोज रात्री चार्ज करा. चौथं : गाडी गॅरेजमध्ये असेल तर दार हाताने उघडायची लाल दोरी कुठे आहे ते बघा आणि एकदा ओढून बघा. विजेवरचं दार वीज गेल्यावर उघडत नाही, आणि अंधारात ती दोरी शोधण्यात मोलाची मिनिटं जातात.

एका पिशवीत सगळ्यांचे पासपोर्ट, व्हिसाचे कागद, सासू-सासऱ्यांची निदान आठवड्याभराची औषधं आणि प्रिस्क्रिप्शन, चष्मे, पाणी, टॉर्च, चार्जर आणि छापील नकाशा ठेवा. नकाशा हवाच, टॉवर जळाला की फोनवरचा नकाशा उघडत नाही. निघताना सुती किंवा लोकरीचे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बंद बूट घाला. पॉलिएस्टर, नायलॉन उष्णतेने वितळून कातडीला चिकटतं.

वाटेत आगीने रस्ता अडवलाच तर गाडीतून उतरून पळू नका. झाडी नसलेली जागा बघा : मोठा पार्किंग लॉट, खडीचा माळ, रुंद वळण. दिवे चालू, काचा बंद, एसीची बाहेरची हवा बंद. सगळ्यांनी खिडकीच्या पातळीखाली वाकून लोकरीची चादर अंगावर घ्यायची. आगीचा मुख्य लोट सहसा काही मिनिटांत पुढे सरकतो.

प्रश्न : मुलाला दमा आहे. आग लांब असली तरी धूर येतो. कॅबिनमध्ये काय करता येईल? (एक वाचक, रोझव्हिल)

धुरातला घातक भाग म्हणजे पीएम २.५, अडीच मायक्रॉनहून बारीक कण. ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. एअरनाऊ या हवेच्या दर्जाची माहिती देणाऱ्या सरकारी संकेतस्थळाच्या 'फायर अँड स्मोक' नकाशावर सरकारी यंत्रांचे आणि लोकांनी घरांवर लावलेल्या छोट्या सेन्सरांचे आकडे एकत्र दिसतात. तुमच्या मुक्कामाच्या जवळचाच सेन्सर बघा. डोंगरात दोन मैलांवर हवा वेगळी असते. दमेकरी मुलासाठी १००च्या वरचा एक्यूआय (हवेच्या दर्जाचा निर्देशांक) म्हणजे बाहेरचा खेळ बंद. १५०च्या वर तो सगळ्यांनाच बाधक. २००च्या वर गेला आणि उतरायची चिन्हं नसतील तर मूल घेऊन खोऱ्यातून खाली या.

टाहो ही डोंगरांनी वेढलेली वाटी आहे. रात्री थंड हवा खाली बसते, वरच्या उबदार थराचं झाकण पडतं आणि धूर तळ्यावर कोंडतो. त्यामुळे पहाट बऱ्याचदा वाईट असते. पण दुपारचा वारा धूर नेईलच असं धरू नका. आग पश्चिम उतारावर असेल तर तोच वारा नवा धूर घेऊन येतो. म्हणून ठरावीक वेळ न मानता दर तासाला आकडा बघा.

कॅबिनमध्ये हवा गाळायचं चांगलं यंत्र नसेल तर कॉर्सी-रोझेन्थाल बॉक्स करा. अर्ध्या तासाचं काम आहे. लागतं ते असं : २० इंची चौकोनी बॉक्स फॅन एक, २० बाय २० इंचाचे मर्व १३ दर्जाचे फिल्टर चार (२ इंच जाडीचे मिळाले तर उत्तम), डक्ट टेप आणि पंख्याच्या खोक्याचा पुठ्ठा. चार फिल्टर उभे करून चौकोनी खोकं करा. प्रत्येक फिल्टरच्या कडेवर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो आतल्या बाजूला हवा. तळाला पुठ्ठा लावा. वर पंखा आडवा ठेवा, हवा वर फेकेल असा. सगळ्या सांध्यांवर टेप सलग दाबून बसवा. हवा सोप्या वाटेने जाते. फट राहिली की धूर न गाळता आत शिरतो. शेवटी पंख्याच्या वरच्या तोंडावर पुठ्ठ्याचा चौकोन बसवा आणि मधोमध पात्यांच्या घेराएवढं, साधारण १५ इंच व्यासाचं भोक ठेवा. हे पुष्कळ जण वगळतात. पंख्याच्या कोपऱ्यांत पाती पोचत नाहीत आणि तिथून हवा उलटी आत ओढली जाते. कोपरे झाकले की तोच पंखा स्पष्टपणे जास्त हवा गाळतो. प्लगमध्ये फ्यूज असलेला पंखा घ्या आणि वायर खराब असेल तर वापरू नका. फिल्टर करडे झाले की बदला.

बॉक्स मुलाच्या झोपायच्या खोलीत ठेवा, दार-खिडक्या बंद करा, बाथरूम आणि स्वयंपाकघरातले एक्झॉस्ट फॅन बंद ठेवा. ते घरातली हवा बाहेर फेकतात आणि तेवढाच धूर फटींतून आत येतो. तळण, उदबत्ती, मेणबत्ती बंद. बाहेर जाताना मोठ्यांनी एन ९५ लावावा : दोन पट्ट्या, एक डोक्याच्या वरच्या बाजूला आणि एक मानेवर, नाकावरची पट्टी दाबून. दाढी असेल तर कड चेहऱ्याला बसत नाही. कापडी किंवा सर्जिकल मास्क या कणांसाठी पुरेसा नाही. लहान मुलाच्या चेहऱ्यावर मोठ्यांचा एन ९५ बसत नाही. त्याच्यासाठी बाहेर न जाणं हाच उपाय. दम्याचा पंप आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला कृतिआराखडा हातापाशी असू द्या.

प्रश्न : कॅम्पफायरवर वाळू टाकली की पुरेसं नाही का? (एक वाचक, सॅन होजे)

नाही, आणि हा समज फार घातक आहे. वाळूखाली निखारा तासन्‌तास, कधी दिवसभरही धगधगता राहतो. शिवाय खालचा पालापाचोळ्याचा थर आणि मुळं आतून जळत राहतात, आणि वारा सुटला की आग काही फुटांवर वर येते. २४ जून २००७ची अँगोरा आग साउथ लेक टाहोजवळच्या सेनेका तलावापाशी केलेल्या बेकायदा कॅम्पफायरमधून लागली. जळलेलं क्षेत्र ३,१०० एकरांच्या आसपास, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या मानाने लहान. पण अडीचशेच्या आसपास घरं गेली.

रीत अशी. निघण्याच्या तासभर आधी लाकूड घालणं थांबवा. राख होऊ द्या. मग पाणी ओता; दोन-तीन बादल्या सहज लागतात. फावड्याने ढवळा, तळापर्यंत. जाड ओंडके उलटून खरवडा, भोवतालचे दगड उलटवून त्यांच्या खालीही पाणी घाला. पुन्हा पाणी, पुन्हा ढवळणं. सूं-सूं आवाज थांबल्यावर हाताची मागची बाजू राखेजवळ न्या. ऊब लागली तर विझलेली नाही. मग हात राखेत घाला. गार लागली तरच जागा सोडा.

कॅलिफोर्नियात सरकारी कॅम्पग्राउंडबाहेर शेकोटी, कोळशाची शेगडी किंवा गॅसचा स्टोव्ह पेटवायला कॅम्पफायर परमिट लागतं. ते ऑनलाइन फुकट मिळतं. पण परमिट आहे म्हणून त्या दिवशी आग पेटवायला परवानगी आहेच, असं नाही. निर्बंध लागू असतील तर तेच चालतात. भाड्याच्या कॅबिनमधल्या लाकडी शेगडीची राख कागदी पिशवीत भरून डेकवर ठेवू नका. झाकणाच्या धातूच्या बादलीत घालून, पाणी मारून, घरापासून दूर मातीवर ठेवा.

प्रश्न : एवढं मोठं तळं समोर आहे. आग आलीच तर सरळ पाण्यात उतरायचं, नाही का? (एक वाचक, सॅक्रामेंटो)

हा बेत म्हणून धरू नका. तळ्याचा उपयोग आहे तो त्याच्या उघड्या काठाचा. ५ सप्टेंबर २०२० रोजी क्रीक वणव्याने सिएरा राष्ट्रीय वनातल्या मॅमथ पूल जलाशयाचा एकुलता एक रस्ता तोडला. लोक बोट उतरवायच्या धक्क्याजवळ आणि पाण्याच्या काठाला जमले आणि कॅलिफोर्निया नॅशनल गार्डच्या चिनूक आणि ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरांनी रात्री धुरातून येऊन २००हून अधिक जणांना उचललं. त्यांतले कित्येक भाजलेले आणि जखमी होते. वैमानिकांनी जिवावर उदार होऊन केलेली ती सुटका सुट्टीच्या नियोजनात गृहीत धरता येत नाही.

पाण्यात दोन अडचणी येतात. टाहोचं पृष्ठभागाचं पाणी भर उन्हाळ्यातही १८ ते २१ अंश सेल्सिअसच्या पलीकडे फारसं जात नाही, जूनमध्ये तर बरंच कमी. अचानक उतरलं की श्वास आवरत नाही आणि बुडणं तिथेच होतं. वृद्ध आणि मुलं लवकर गारठतात. दुसरी अडचण धुराची. तो पाण्यावर पसरतो आणि डोकं पाण्याबाहेर काढल्यावर श्वास त्यातच घ्यावा लागतो. बाहेर पडायचे सगळे रस्ते बंद असतील तर रुंद, झाडी नसलेला किनारा किंवा डांबरी पार्किंग गाठा, लाइफ जॅकेट घाला, चादर ओली करा आणि उष्णता असह्य झाली तरच कमरेएवढ्या पाण्यात जा. लाकडी धक्का आणि तिथे बांधलेल्या बोटींपासून लांब राहा. त्यांत इंधन असतं.

प्रश्न : आगीचं विमान पाणी भरायला तळ्यावर उतरत असेल तर कायाकवाल्यांनी काय करावं? (एक वाचक, माउंटन व्ह्यू)

लगेच काठाकडे या आणि मधला लांब पट्टा मोकळा सोडा. सीएल-४१५ हे विमान पाण्यावरून न थांबता धावत सुमारे १२ सेकंदांत ६,००० लिटरहून थोडं जास्त पाणी भरतं. त्याआधी खाली यायला आणि नंतर चढायला मिळून मैलभराच्या जवळपास मोकळी जागा लागते. वैमानिकाला कायाकसारखी छोटी वस्तू उशिरा दिसते. दिसली की फेरी सोडून द्यावी लागते आणि तेवढं पाणी आगीवर पडत नाही. व्हिडिओसाठी ड्रोन तर अजिबात उडवू नका. एक ड्रोन दिसला की त्या भागातली सगळी विमानं आणि हेलिकॉप्टरं थांबवतात, आणि तो गुन्हा आहे.

प्रश्न : साउथ लेक टाहोलगतच्या मायर्सजवळ आमचं सुट्टीचं घर आहे. वर्षातून काही आठवडेच जाणं होतं. कमी वेळात कोणती कामं आधी करावीत? (एक वाचक, प्लेझंटन)

भिंतीपासून सुरुवात करा आणि बाहेर जा. बहुतेक घरं ज्वाळेच्या भिंतीने पेटत नाहीत. उडत आलेल्या ठिणगीने पेटतात, कधी आग पोचायच्या कित्येक तास आधी. म्हणून पहिले ५ फूट सर्वांत महत्त्वाचे. तिथे जळणारं काहीही नको : झुडूप, लाकडाचा भुसा, काथ्याचं पायपुसणं, प्लास्टिकच्या खुर्च्या, सरपण. खडी किंवा फरशी टाका. पन्हळीतल्या पाइनच्या सुया हाताने काढा. वाळलेल्या सुयांनी भरलेली पन्हळ म्हणजे छपराला लावलेली वात. पोटमाळ्याच्या आणि पायाच्या झरोक्यांना १/८ इंच किंवा त्याहून बारीक धातूची जाळी बसवा. जुन्या घरांत पाव इंची असते, तिच्यातून ठिणगी सहज आत जाते. डेकच्या फळ्यांमधल्या फटी साफ करा आणि डेकखाली काही साठवू नका.

पुढे ३० फुटांपर्यंत झाडांच्या खालच्या फांद्या जमिनीपासून ६ फूट छाटा आणि चिमणीपासून १० फूट मोकळं ठेवा. सरपण ३० फुटांपलीकडे. १०० फुटांपर्यंत वाळकं गवत ४ इंचांखाली.

मायर्समधल्या घरमालकांची एक अडचण खरी आहे. तळ्याची पारदर्शकता टिकावी म्हणून टाहोत उघडी माती ठेवू देत नाहीत, कारण पावसाने गाळ तळ्यात जातो. आणि आगीसाठी सांगतात की सुया उचला. दोन्ही जमतं. भिंतीलगत खडी, म्हणजे माती झाकलेली आणि जळणारं काही नाही. त्यापुढे सुयांचा जाड थर वसंतात ओढून काढा, पण जमीन खरवडून उघडी पाडू नका. झाड तोडण्यापूर्वी टाहो रिजनल प्लॅनिंग एजन्सीचे नियम बघा. स्थानिक अग्निशमन दल घरी येऊन तपासणी करतं, त्यांना बोलवा.

वणव्यामुळे घर सोडताना खिडक्या-दारं बंद करा, पण कुलूप नको. गॅस बंद, बाहेरचे दिवे चालू, गाद्या आणि खुर्च्या आत. पाण्याचे फवारे चालू ठेवून जाऊ नका. शेकडो घरांनी तसं केलं की नळाचा दाब उतरतो आणि बंबांना पाणी मिळत नाही. कचरा बाहेर ठेवू नका : २०२१मध्ये रिकाम्या शहरात अस्वलांनी घरं आणि कचरापेट्या धुंडाळल्या.

कॅल्डोर २,२१,८३५ एकरांवर पसरला आणि हजाराच्या आसपास इमारती गेल्या, पण मायर्स आणि ख्रिसमस व्हॅली वाचली. अग्निशमन दलाची शर्थ तर होतीच. त्याबरोबरच त्या वस्त्यांभोवतालचं जंगल आधीच विरळ केलेलं होतं, खालचा पाला नियंत्रित आगीने जाळलेला होता. तिथे आग शेंड्यांवरून जमिनीवर आली आणि माणसांना तिच्यासमोर उभं राहता आलं. शरद ऋतूत त्या नियंत्रित जाळण्याचा धूर येतो म्हणून तक्रारी होतात. तुमच्या शेजाऱ्यांच्या बैठकीत हा विषय निघाला तर कृपा करून त्या कामाच्या बाजूने बोला.

प्रश्न : जळून गेलेल्या भागातली पायवाट उघडली आहे. मुलांना नेता येईल का? (एक वाचक, डब्लिन)

वाट अधिकृतपणे उघडली असेल तर नेता येईल, पण वाटेवरूनच चाला. मुळं जळालेलं झाड वारा नसतानाही पडतं. वारा सुटला की परत फिरा. काळ्या खोडांखाली जेवायला बसू नका, तंबू तर नकोच. जमिनीत जळालेल्या बुंध्याच्या जागी राखेने झाकलेले खोल खड्डे असतात. ताज्या आगीत त्यांत कित्येक दिवस निखारे असतात, नंतरही पाय मोडण्याइतके ते खोल असतात. राखेला हात लावू देऊ नका. ती ओली झाली की कातडीला झोंबते. उतारावर माती धरून ठेवायला मुळं उरलेली नसतात, त्यामुळे थोडा वेळ जोराचा पाऊस झाला तरी चिखल-दगडांचा लोंढा ओढ्यातून येतो. वळवाच्या ढगांचा अंदाज असेल त्या दिवशी ओढ्याकाठची वाट निवडू नका, आणि गडगडाट ऐकू आला तर ओढा सोडून बाजूच्या उंचवट्यावर चढा.